उलटनदीवरचा पूल

५ मार्च

बटण्या,

तुझ्या कंपनीचं रजिस्टर पत्र काल दुपारी आलं. मला वाटलं, नेहमीसारखा मंजुरीचा लिफाफा असेल, म्हणून लाल पेन्सिलीला टोक काढून बसले. आत एकच कागद. 'उलटनदीचा मुलूख या आपल्या काल्पनिक जगावर टेबलावरचे खेळ काढण्याचा परवाना-करार आम्ही ३१ मेनंतर पुढे चालू ठेवू इच्छित नाही.' खाली व्यवस्थापकाची सही. अकरा वर्षांचा संबंध आणि साडेतीन ओळी. त्यातली अर्धी 'आपला विश्वासू' यातच गेली.

तू त्याच ऑफिसात बसतोस ना रे? तुझी खुर्ची त्या व्यवस्थापकाच्या दाराला लागून आहे, दार उघडायचं झालं तर तुला उठावं लागतं, हे तूच सांगितलं होतंस. मग हा कागद सहीला आत गेला तेव्हा तू उठलास ना? उठून, बाजूला होऊन, वाट करून दिलीस. सख्खा भाऊ! बाहेरच्या कुणी हे केलं असतं तर मी दोन शिव्या घालून गप्प बसले असते.

सहा कादंबऱ्या लिहिल्या मी त्या मुलखावर. तुम्ही येऊन म्हणालात, ताई, लोकांना हे नुसतं वाचायचं नाही, यात राहायचंय. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतील, एक जण गोष्ट सांगेल, बाकीचे नावाडी होतील, वैद्य होतील, चोर होतील, फासे टाकतील. मी म्हटलं, राहा. आता भाडेकरूने भिंतींना खिळे ठोकून, किल्ली उंबऱ्यावर टाकून निघून जावं तसे निघालात.

आई विचारत होती कुणाचं पत्र. मी पाणीपट्टीचं म्हणून सांगितलं. तिला कळलं तर जेवायची नाही. तशी ती मजेत आहे. शनिवारी दुपारी खालच्या शिंपीणबाईंकडे कसलासा डाव मांडून बसते आणि माझं भिंग घेऊन जाते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळते. करारातच कलम आहे, सगळा व्यवहार लेखी आणि पोस्टाने. तर लिही. का तोडलात, ते लिही.

ताई


१४ मार्च

ताई,

नमस्कार. शिव्या पोचल्या, दोन्ही गालांवर.

तू कारण विचारलंस, सांगतो. दुसऱ्याचं जग भाड्याने घेणाऱ्या सगळ्याच कंपन्या एक दिवस हिशेब मांडून बसतात. खेळाचं खोकं विकलं जावो न जावो, दरवर्षीची ठरलेली रक्कम तुला द्यावीच लागते. कागद महागला, पुठ्ठा महागला. पण ते एक वेळ चाललं असतं. खरी अडचण मंजुरीची. प्रत्येक पत्ता, प्रत्येक चित्र, नकाशातली प्रत्येक टेकडी तुझ्याकडे येते. तू भिंग घेऊन बसतेस. चार महिन्यांनी लिफाफा परत येतो, तो असा लाल होऊन की आमचा छापखानेवाला विचारतो, कुणी जखमी झालंय का? तोवर दुसऱ्या कंपन्यांचे दोन नवे खेळ बाजारात आलेले असतात.

आणि एक. खेळणाऱ्यांची पत्रं येतात, अकरा वर्षं येतायत, सगळ्यांचा प्रश्न एकच. उलटनदीच्या पलीकडे काय आहे? आम्हाला जाऊ का देत नाही? आम्ही काय उत्तर देणार? मुलूख तुझा, नियम तुझे.

मालकांना आता कंपनीचं स्वतःचं जग हवंय. डोंगर हलवायचा तर कुणाला विचारायला नको. यात तुझा अपमान नाही. निर्णय वरून आला, मी सांगकाम्या माणूस.

आईला वाईट वाटेल असं काही सांगू नकोस.

बटण्या


२१ मार्च

बटण्या,

वरून म्हणजे कुठून? तुमचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे आणि त्याच्यावर फक्त पाण्याची टाकी आहे.

मंजुरीला वेळ लागतो म्हणतोस. लागणारच! तुमची माणसं पाठवतात काय ते बघ की. उलटनदी समुद्रात उगम पावते आणि डोंगर चढून जाते, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवायची, तर तुमच्या नकाशेवाल्याने पहिल्याच वर्षी तिला उतारावरून खाली सोडली. कोण आहे हा नकाशेवाला? तुमच्या मंजुरीच्या कागदावर कधी कुणाचं नाव नसतं. 'मालकिणीने माणसावर राग धरू नये म्हणून' असा म्हणे तुमचा नियम. मी तर धरलाय. अकरा वर्षं मी त्या बिननावाच्या माणसाला 'आंधळा', 'अडाणी' असं समासात लिहीत आले आणि तो निर्लज्जासारखा पुन्हा पुन्हा काढत आला.

आणि दीड वर्षापूर्वीची गंमत विसरलास? तिसऱ्या आवृत्तीच्या नकाशात त्याने उलटनदीवर चक्क पूल काढला होता! उलटनदीवर पूल नाही. होडी अर्ध्यापर्यंत जाते आणि परत येते. पलीकडे गेलेलं माणूस येत नाही. माझ्या सहाच्या सहा कादंबऱ्या या एका वाक्यावर उभ्या आहेत. मी त्याच्याभोवती एवढं मोठं लाल वर्तुळ काढून लिहिलं होतं, 'हा कुठल्या गाढवाने घुसडला? काढा.' तुझ्याकडूनच गेला असेल तो कागद. हसला असशील.

तर ऐक. तुम्हाला माझा मुलूख नको, मग माझ्या मुलखाचा एक चिटोराही तुमच्याकडे राहायला नको. कलम एकोणीस काढून वाच. शिल्लक खोकी विकायला सहा महिन्यांची सवलत द्यायची की नाही, हे माझ्या मर्जीवर आहे. माझी मर्जी नाही. ३१ मेपर्यंत शेवटच्या खोक्यापर्यंत सगळं कापून लगदा करा आणि तसा दाखला सहीसाठी मला पाठवा. तुमच्या मालकांना दाखव हे पत्र. वर पाठव, टाकीपर्यंत.

ताई


९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मालकांना दिलं. ते म्हणाले, बाई बरोबर आहेत, कलम तसंच आहे.

गोदामात तिसऱ्या आवृत्तीची अकराशेच्या वर खोकी आहेत. सहा महिने दे. कंपनीसाठी मागत नाही, कंपनीला आता त्याचं सोयरसुतक नाही. मी मागतोय. उभ्या जन्मात तुझ्याकडे फारसं काही मागितलं नाही मी. ती खोकी लोकांच्या घरी जाऊ देत.

एकदा तुझ्याकडच्या प्रती तरी उघडून बघ.

बटण्या


१५ एप्रिल

(पोस्टकार्ड)

नाही. सहा महिने नाही, एक दिवसही नाही.
ताई


३ जून

ताई,

दाखला सोबत जोडलाय. सही करून पाठव.

३० मेला लगद्याच्या कारखान्यात मी स्वतः गेलो होतो. कुणीतरी जायचं असतं, कंपनीचा माणूस समोर लागतो. टिनाच्या छपराखाली एक पट्टा चालू असतो, त्यावर खोकी ठेवायची. आधी प्लास्टिकची वेष्टणं काढावी लागतात, ती यंत्रात अडकतात. म्हणजे प्रत्येक खोकं एकदा उघडावं लागतं. तिथे दोन बायका होत्या, मी तिसरा. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत मी अकराशे वेळा तुझी नदी हातात घेतली आणि पट्ट्यावर ठेवली. त्यांतली एक बाई म्हणाली, साहेब, नवंकोरं आहे हो, पोरांना तरी वाटा. मी म्हटलं, परवानगी नाही. ती म्हणाली, कुणाची? मी म्हटलं, माझ्या बहिणीची. त्यावर तिने पुढचं खोकं उघडून माझ्या हातात दिलं.

आता ऐक, तू म्हणतेस तसं. लेखी आणि पोस्टाने.

तुझा आंधळा, अडाणी, गाढव नकाशेवाला मी आहे. पहिल्या आवृत्तीपासून. कंपनीत दुसरा नकाशेवाला कधी नव्हताच. तुला वाटलं मी लिफाफे चिकटवतो! कागदावर नाव घालायचं नाही हा नियम मीच करून घेतला. तुला माहीत असतं तर तू एकतर डोळे मिटून सगळं मंजूर केलं असतंस नाहीतर काहीच केलं नसतंस, आणि मला दोन्ही नको होतं. मला वाटायचं, एक दिवस तू भिंगातून बघशील आणि ओळखशील. हात ओळखशील. अकरा वर्षांत तू रेषान् रेष तपासलीस आणि त्यामागचा माणूस कोण आहे ते तुला दिसलं नाही.

आणि पूल! 'कुठल्या गाढवाने घुसडला' म्हणे! तो पूल तुझ्या पहिल्या कादंबरीच्या आधीचा आहे. उलटनदी काढली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस, मी सहा. आई कारखान्याच्या शर्टांना मागच्या खोलीत मशीनवर बसून बटणं लावायची आणि आपण तिच्या डब्यातली बटणं पळवून फरशीवर मुलूख मांडायचो. म्हणून तर मी बटण्या. बाबांना दवाखान्यात नेलं आणि परत आणलं नाही, त्या महिन्यात तू खडूने नदी काढलीस. मी तुझी शाळेची पट्टी आडवी ठेवली आणि म्हटलं, हा पूल. तू पट्टी उचललीस. मी परत ठेवली. तू पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, इथे पूल नाही, पलीकडे गेलेलं येत नाही, हा नियम आहे. आठवतं? नसेलच. तुझ्या मुलाखतीत नेहमी असतं, 'हे जग मला एकटीला लहानपणी सुचलं.' एकटीला!

तू लाल वर्तुळ काढून पाठवलंस, तरी मी पूल खोडला नाही. तसाच छापला. तिसऱ्या आवृत्तीच्या प्रत्येक खोक्यात तो होता. दीड वर्ष तुझ्याच घरात, दिवाणाखाली, तुझ्या सहा प्रतींत पडलाय, आणि तुला पत्ता नाही, कारण तू खोकी कधी उघडलीच नाहीस. ताई, ज्या खेळावर एवढा जीव टाकतेस तो एकदा तरी खेळलीस का गं?

जानेवारीत मालकांच्या लक्षात आलं. मंजुरी नसताना छापलं म्हणजे करार मोडला. ते भले माणूस, ते म्हणाले, तुझीच बहीण आहे, तिला सांग, माफी माग, मागाहून मंजुरी आण, करार चालू ठेवू. मी म्हटलं, त्यापेक्षा करार सोडा. म्हणजे ऐक, निर्णय वरून आला नव्हता. महागाई, उशीर, स्वतःचं जग, ती सगळी कारणं खरीच आहेत, कंपनी दोन-चार वर्षांत निघालीच असती. पण यंदा निघाली ती माझ्यामुळे. बावन्न वर्षांचा झालोय मी. त्या पुलासाठी तुझ्यापुढे पुन्हा एकदा परवानगी मागायला उभा राहायचं, याची मला किळस आली.

आणि तू काय केलंस, तर तो कापायला लावलास. मलाच.

दाखल्यावर सही कर. मग आपला काही व्यवहार उरत नाही.

बटण्या


२८ जून

बटण्या,

पंचवीस दिवस झाले. पहिले दहा मी रागातच होते. वकिलालाही फोन केला होता, हे तुला सांगून ठेवते. मंजुरीवाचून छापणं हा गुन्हा आहे, आणि तो माझ्याच भावाने, माझ्याच दिवाणाखाली दीड वर्ष लपवून ठेवला! आणि वर मलाच विचारतोस, हात कसा ओळखला नाहीस. नाव लिहायला तुझी बोटं झडली होती का? अकरा वर्षं तोंड मिटून बसायचं आणि मग सगळं एकदम ओकायचं, ही तुझी लहानपणची खोड. माझा राग गेलेला नाही. तो जाईल असं समजून पुढचं वाचू नकोस.

अकराव्या दिवशी दिवाण सरकवला. तिसऱ्या आवृत्तीच्या पाच खोक्यांवर प्लास्टिक तसंच होतं. सहावं जागेवर नव्हतं. तो शनिवार होता. भिंगही जागेवर नव्हतं.

मी खाली गेले. शिंपीणबाईंच्या कापायच्या टेबलावर तुझा नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार कात्र्या. आई भिंग डोळ्याला लावून वाकलेली. सोंगट्या म्हणून बटणं. आईचं तपकिरी, चार भोकांचं, कोटाचं. ते पुलाच्या मधोमध होतं. मी दारात उभी राहून विचारलं, 'हे कधीपासून चाललंय?' तर शिंपीणबाई म्हणाल्या, 'माझी पाळी आहे, तुम्ही उजेड अडवू नका.'

मी आईला म्हटलं, नदीवर पूल नसतो. आई म्हणाली, 'बटण्याचा आहे ना तो. तो पट्टी ठेवायचा, तू उचलायचीस, तो ठेवायचा, तू उचलायचीस. मशीनवरून बघत होते की मी.' मी विचारलं, पलीकडे काय आहे? म्हणाली, 'ते फाशांवर असतं. मागच्या शनिवारी नुसतंच धुकं लागलं. त्याच्या आदल्या खेपेला तुझे बाबा भेटले, घटकाभर बसले, मग मी परत आले.' असं म्हणाली, जशी काही कोपऱ्यावरच्या दुकानातून आली. आणि फासे उचलले.

मी जिना चढून वर आले आणि दार लावून घेतलं.

तू विचारलंस, आठवतं का. धपाटा आठवतो. पट्टीही आठवते, हिरवी होती, एक कोपरा तुटका. तुला जे आठवत नाही ते मी सांगते. तू रोज संध्याकाळी दाराशी बसायचास. बाबांच्या चपला समोर घेऊन, आल्यावर त्यांना घालायला म्हणून. आईला ते बघवायचं नाही, ती मशीन जोरात चालवायची. कुणीतरी तुला सांगायला हवं होतं आणि कुणीच सांगत नव्हतं. मला सरळ सांगता येईना. म्हणून मी नदी काढली. सगळ्या नद्यांपेक्षा उलट वाहणारी, म्हणजे तुला ती खोटी वाटणार नाही, वेगळी वाटेल. पूल नाही हा नियम मी तुझ्यासाठी केला, बटण्या. तू पट्टी ठेवलीस की मला वाटायचं, उद्या हा परत दारात बसणार. आठवड्याभराने तू बसायचा थांबलास. त्या नियमाने काम केलं होतं, मग तो मोडायची मला भीतीच बसली. पुढे सहा कादंबऱ्यांत मी तोच एक नियम राखत बसले, आणि तो कुणासाठी केला होता हे विसरले. मुलाखतीत 'एकटीला' म्हणाले, ते चुकलं. ते मी जिथे जिथे बोलले तिथे तिथे दुरुस्त करीन.

पण मला तेव्हा का सांगितलं नाहीस की तू बसायचास ते वाट बघायला, आणि पूल ठेवायचास तो बाबांकडे जायला? मी अकरा वर्षांची होते रे. मला कुणी सांगितलं होतं?

अकराशे खोकी मी कापायला लावली. त्याचं मला काय वाटतं ते लिहायला बसले तर हे पत्र पुरं व्हायचं नाही. त्या बाईला भेटलास तर सांग, बहिणीला अक्कल नव्हती.

दाखल्यावर सही केलेली नाही. त्यात लिहिलंय 'सर्व प्रती नष्ट'. ते खोटं आहे, सहा आहेत आणि त्यांतली एक चालू आहे. खोट्या कागदावर मी सही करत नाही. त्याच्या दाराशेजारची तुझी खुर्ची सरकवून तुझ्या व्यवस्थापकाला हे सांग.

करार तुटला ते तुटलाच. मी पुन्हा कुणाला मुलूख भाड्याने देणार नाही. त्याच्या कागदपत्रांवर आता दोन नावं लागतील, मी वकिलाला तेवढं काम मात्र दिलंय.

आणि नकाशा मी भिंगाखाली नीट तपासला, अकरा वर्षांत प्रथमच माणूस बघून. नदी चढावर आहे, टेकड्या जागेवर आहेत. पुलाला कठडा नाही. सहा वर्षांचा होतास तेव्हाही नव्हता, बटणं घरंगळून खाली पडायची. आईचा हात हल्ली थरथरतो, तिचं बटण दर खेपेला काठावर येतं. शनिवारी दुपारी तीनला डाव सुरू होतो. ये आणि कठडा काढ. तुझी पेन्सिल घेऊन ये, माझ्याकडे लाल आहे.

ताई